उलट्या नांगराचं बटण

टाल्के मामेन पहिल्यांदा माझ्या दुकानात शिरल्या त्या दिवशी हवामानखात्याने वादळाचा इशारा दिला नव्हता. ही खात्याची चूक. दार उघडलं तशी दारावरची पितळी घंटा सुटून थेट पासपोर्ट फोटोच्या खुर्चीपाशी जाऊन पडली. भिंतीवरचा हवेच्या दाबाचा काटा तळाला टेकला. छपरावरचे सीगल उडाले ते डेन्मार्क येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. खुर्चीत फोटोसाठी बसलेला सहा फुटी कस्टम अधिकारी ताडकन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पँटच्या शिवणीला लावले. एवढं सगळं करणारी व्यक्ती माझ्या काउंटरच्या पलीकडे दिसतच नव्हती. दिसत होती ती एक निळी टोपी आणि छत्रीचं टोक.

"शोकेसमधल्या त्या माणसाला कुणी टांगलं?" टोपीने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"उलटा टांगलायस."

मी बाहेर जाऊन पाहून आलो. युद्धाच्या काळातला आरमारी अधिकारी. कुणाच्या तरी माळ्यावर काचेची निगेटिव्ह सापडली होती, तिचा मी मोठा फोटो करून काचेत लावला होता. खाली चिठ्ठी: 'आपल्या शहराचे कॅप्टन. कुणी ओळखतं का?' डोकं वर होतं, कोट खाली होता.

"बाई, सरळच आहे की. डोकं वर आहे."

"डोक्याचं कोण बोलतंय? त्या दिवसांत त्याचं डोकं कुणी विचारलं नाही, मी कशाला विचारू? छाती बघ. लोखंडी क्रॉस कुठल्या बाजूला आहे?"

"उजव्या."

"आणि गरुड?"

"डाव्या."

"आणि कोटाची उजवी बाजू डावीवर आलीय. म्हणजे बायकांचा कोट. एका सभ्य माणसाला तू बायकांचा कोट चढवून, मेडलं भलत्या छातीवर लावून, तीन दिवस भर रस्त्यात उभा केलायस. मी रोज बघत होते. म्हटलं आज याला अक्कल येईल, उद्या येईल. आणि तो कॅप्टन नाही. बाहीवर तीन पट्ट्या आहेत. कॅप्टनला चार लागतात. चौथी तू पदरची शिवलीस."

निगेटिव्ह मी उलट्या बाजूने छापली होती, डाव्याचं उजवं झालं होतं. तीन दिवसांत विल्हेल्म्सहाफेन या आमच्या जर्मन बंदरातली निम्मी वस्ती त्या काचेसमोरून गेली असेल. त्यात उभं आयुष्य आरमारात घालवलेले किमान दोनशे पेन्शनर. एकाच्याही लक्षात आलं नाही. बाईंनी छत्री काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "भिंग आहे का? दे इकडे."

ही १९८४ सालची गोष्ट. मी हार्म, तेव्हा तिशीतला, आणि दुकान नुकतंच वडिलांकडून माझ्याकडे आलेलं. टाल्केबाई त्रेसष्टच्या. मी एकदाच त्यांना 'फ्राऊ मामेन' म्हणालो.

"फ्रॉयलाईन!" त्या कडाडल्या. "त्रेसष्ट वर्षं सांभाळलंय हे. तुझ्यासारख्या फोटोवाल्याने एका मिनिटात माझं लग्न लावून टाकावं म्हणून नाही."

सोळाव्या वर्षी त्या मास्टर लुबिनुस यांच्या शिवणदुकानात लागल्या. आरमारी अधिकाऱ्यांचे कोट शिवणारं दुकान, गावातलं सगळ्यात नावाजलेलं. कोट कापायचं काम पुरुषांचं. बाहीवर सोनेरी पट्ट्या बसवणं, बटणं लावणं, मेडल अडकवण्यासाठी छातीवर दोऱ्याचे बारीक फासे शिवणं, हे टाल्केबाईंचं. चव्वेचाळीसच्या बॉम्बफेकीत दुकान जळालं. पण तोवर सात वर्षांत आमच्या बंदरातल्या बहुतेक बाह्या त्यांच्या मांडीवरून गेल्या होत्या. चेहरे त्यांच्या लक्षात नसत. "चेहरे वर असतात," त्या म्हणायच्या, "मी खाली बसलेली असायचे."

शोकेसमधल्या माणसाचा फोटो मी सरळ छापला, आणि त्या दिवसापासून दर गुरुवारी टाल्केबाई माझ्या दुकानात बसू लागल्या. बातमी पसरली. लोक माळे उपसून फोटो आणू लागले. कुणाचा काका, कुणाचा सासरा, कुणाचा कोण ते कुणालाच माहीत नाही. बाई भिंग लावायच्या आणि सुरू व्हायच्या.

"पट्ट्यांच्या वर तारा आहे, म्हणजे डेकवरचा माणूस. दातेरी चाक असतं तर इंजिनवाला. पट्ट्या चंदेरी असत्या तर हिशेबनीस. दुसऱ्या काजातून फीत निघालीय, म्हणजे दुसऱ्या वर्गाचा क्रॉस. खाली बिल्ल्यावर पाण्याचा फवारा उडतोय? सुरुंग काढणाऱ्या बोटीवरचा. आता फासे बघ. चार फासे, म्हणजे दोन बिल्ले, आणि दिसतोय एकच. दुसरा बिल्ला फोटो काढायच्या आधी काढून ठेवलाय. लाज वाटली असेल, किंवा बायकोने धुवायला घेतला असेल."

"मेडलवरून एवढं कळतं?"

"मेडल खोटं बोलतं रे. आज लावलं, उद्या काढलं, परवा भावाचं लावलं. फासे खोटं बोलत नाहीत. ते शिंप्याने शिवलेले असतात."

घरच्यांना मात्र खरं फार नको असायचं. प्रत्येकाची अपेक्षा एकच, आमचे आजोबा बोटीवर साधे आचारी होते. "इतके आचारी आरमारात असते," टाल्केबाई म्हणायच्या, "तर ते युद्ध अजीर्णाने संपलं असतं." कित्येक फोटोंत गरुडाच्या पायाखालचं नाझी स्वस्तिक कुणीतरी सुईने खरवडून काढलेलं असायचं. एकदा एका गृहस्थांनी असा फोटो आणला. बाईंनी खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "हे तुमच्या आईने केलं ना? छान केलंय. पण तेव्हा ते तिथे होतं हो. मीच शिवलं होतं." एवढंच बोलल्या आणि पुढचा फोटो घेतला.

त्यांचा एक नियम होता, आणि त्यात सुटका नव्हती. ओळख पटली की फोटोच्या मागे लगेच नाव लिहायचं. मऊ पेन्सिलीने, दाब न देता. नाव, हुद्दा, वर्ष. "ज्याच्या मागे नाव नाही तो फोटो म्हणजे नुसता पुठ्ठा," त्या गिऱ्हाइकाला बजावायच्या. "तुम्ही गेलात की तुमची मुलं तो रद्दीत घालतील. आणि चूक मुलांची नसेल." लोक ओशाळून माझ्याकडून पेन्सिल मागायचे. पेन्सिलींवर माझा भयंकर खर्च झाला.

एक गोष्ट मला फार दिवस कळत नव्हती. सगळे ओळखून झाले, नावं लिहून झाली, की टाल्केबाई भिंग घेऊन तोच फोटो पुन्हा पाहायच्या. या वेळी पट्ट्या नाहीत, छाती नाही. सगळ्यांची पोटं.

"पोटं मोजता का?" मी एकदा विचारलं.

"चहा गाळ," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे चहाचे तीन कप हा कायदा आहे. तळाला खडीसाखर, वर चहा, कडेने मलई, आणि ढवळायचं नाही. ढवळणाऱ्याला आम्ही दक्षिणेकडच्या बव्हेरियाचा समजतो. तीन कप पुरे होण्याआधी उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. झाल्यावर चमचा कपात उभा ठेवायचा, म्हणजे पुरे. हा कायदा बाईंनी कधी मोडला नाही. त्या दिवशी तिसऱ्या कपावर त्या बोलल्या.

त्रेचाळीसच्या जानेवारीत एक तरुण अधिकारी दुकानात आला. इंजिनवाला, बाहीवर दातेरी चाक. बढती मिळाली होती, बाहीवर दुसरी पट्टी बसवायची होती. बोट दुसऱ्या दिवशी निघणार म्हणून तो तिथेच स्टुलावर बसून राहिला. टाल्के शिवत होती. तो तिच्या हाताकडे बघत होता.

"काही बोलला नाही?"

"बोलला. म्हणाला, फ्रॉयलाईन, इंजिनात मला एवढे बारीक टाके घालता आले असते तर आमची बोट गळली नसती. मी म्हटलं, गळू दे, पाण्यातच तर आहे. मास्टरांच्या बायकोने, मास्टरीणबाईंनी, वरून खाकरलं. मग आम्ही गप्प."

बोट तीन दिवसांनी परत आली आणि तो बटण तुटलं म्हणून आला. चार दिवसांनी दुसरं तुटलं. मग तिसरं. दोन आठवड्यांत चार बटणं.

"माझ्या दोऱ्याने लावलेलं बटण हार्म, तुझी ही पूर्ण इमारत उचलेल. बटणं तुटत नव्हती. दोरा चाकूने कापलेला असायचा. एकदम सरळ कापलेला. वेड्याला दोरा जरा विस्कटायचंही सुचलं नाही."

चौथ्या खेपेला तिने एक उद्योग केला. आरमारी बटणावर नांगर असतो, आणि तो नेहमी सरळ, खाली टोकं करून लावतात. डाव्या रांगेतलं वरून दुसरं बटण तिने उलटं शिवलं, नांगराची टोकं आकाशाकडे, आणि हलू नये म्हणून दोरा दुप्पट घट्ट ओढला. "म्हटलं, कुणीतरी वरिष्ठ याला झापेल. मग सरळ करायला यावंच लागेल. आता चाकू नको. आणि आला की नाव विचारीन."

"नाव माहीत नव्हतं?"

"नाव मापांच्या वहीत. वही मास्टरीणबाईंच्या खणात. माझ्यासाठी तो 'हेर लेफ्टनंट', नुसता लेफ्टनंटसाहेब. वही जळली."

तो आला नाही. मेला, जगला, कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. ज्या बाईने माझ्या दुकानात चारशेवर अनोळखी माणसांना नावं परत दिली, तिला हव्या त्या एका माणसाचं नाव नव्हतं, आणि फोटोही नव्हता. चेहरा तर एव्हाना पुसट झाला होता. उरलं होतं डाव्या रांगेतलं दुसरं बटण. ते मिळालं तर त्याच्या वर एक चेहरा असेल, एवढ्यावर चाळीस वर्षं पोटं तपासत होत्या.

"फोटो मिळाला तर काय कराल?" मी विचारलं.

"बघीन," त्या म्हणाल्या, आणि चमचा कपात ठेवला.

नऊ वर्षं गेली. त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत गेझीने नावाची एक उत्साही बाई आली. तिच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, हॉल ठरला होता, केक ठरला होता. लग्नाचा फोटो दारात उभा करण्याएवढा मोठा करून हवा होता. गुरुवार होता.

"वडील इंजिनवाले का?" भिंग लावून टाल्केबाईंनी विचारलं.

"छे! पप्पा डेकवर होते. इंजिन कुठलं, त्यांना घरातला नळ दुरुस्त करता येत नाही."

"मग बाहीवर दातेरी चाक का?"

"आमच्याकडे हा फोटो पन्नास वर्षं भिंतीवर आहे," ती जरा लागूनच म्हणाली. "कुणाला चाक दिसलं नाही."

"बाह्या बोटांपर्यंत आल्यात. छातीवर चार फासे, बिल्ला एक. हा कोट तुमच्या वडिलांचा नाही..." आणि बाई थांबल्या. भिंग खाली आलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. डावी रांग, दुसरं बटण. एवढासा नांगर, टोकं आकाशाकडे.

त्याच्या वर चेहरा होता, पण भलत्याचा.

रविवारी आम्ही गेझीनेच्या आईवडिलांच्या, म्हणजे उल्फर्ट्स यांच्या घरी गेलो. हिन्रिक उल्फर्ट्स शहात्तर वर्षांचे, गोल, लालबुंद. त्यांच्या पत्नी इम्के यांनी टेबल मांडलं आणि दारातच तंबी दिली.

"मॉइन. बसा. चहाच्या टेबलावर युद्ध नको. एकदा सुरू झाला की हा नॉर्वेला गेल्याशिवाय थांबत नाही."

"मी नॉर्वेला गेलोच नव्हतो," हिन्रिक म्हणाले.

"दर रविवारी जातोस."

पहिला कप गुडघेदुखीवर गेला. दुसरा नातवाच्या घटस्फोटावर. टाल्केबाई ताठ बसून मान डोलावत होत्या. खडीसाखर कपात तडकत होती, मला वाटत होतं ती माझ्याच डोक्यात तडकतेय. तिसरा कप भरला आणि बाईंनी फोटो टेबलावर ठेवला.

"हेर उल्फर्ट्स, लग्नात दुसऱ्याचा कोट घातला होतात."

"हिन्रिक?" इम्के म्हणाल्या.

हिन्रिक यांच्या गालांवरचा लाल रंग कानांपर्यंत गेला. "आदल्या दिवशी माझा कोट तेलाच्या डबक्यात पडला. तुला सांगणार होतो."

"कधी? शंभराव्या वाढदिवसाला?"

"कोट कुणाचा होता?" टाल्केबाईंनी विचारलं.

"ओन्नोचा. ओन्नो फ्रेरिक्स. आम्ही एका केबिनमध्ये होतो. त्या कोटाने माझी काय अब्रू काढली! चर्चच्या दारात आमचा वरिष्ठ हात मिळवायला आला आणि माझ्या पोटाकडे बघतच राहिला. नांगर उलटा! लग्नाच्या दिवशी, बायकोसमोर, पाद्र्यासमोर झापला मला. मी पण शहाणा. म्हटलं, ओन्नोला तरी ही बोलणी नकोत. रात्री शिडाचा जाड दोरा घेऊन बसलो, बटण सरळ केलं, आणि मगच कोट परत दिला."

"शिडाचा दोरा," टाल्केबाई म्हणाल्या. "माझ्या बटणाला."

"तर तो आभार मानायचं सोडून माझ्यावर तुटून पडला! दोन दिवस बोलला नाही. एका बटणासाठी! म्हणे, तुला कुणी सांगितलं होतं? मला आजवर कळलेलं नाही त्याला काय झालं होतं."

इम्के यांना मात्र सगळं कळलं असावं. चहाच्या टेबलावर युद्ध नको म्हणणाऱ्या त्या बाईंनीच हळूच विचारलं, "मग तो गेला का नाही, हिन्रिक? त्या शिवणदुकानात?"

"कसा जाणार? तिसऱ्या दिवशी आम्हाला फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाठवलं. दीड वर्ष तिथे, मग आणखी कुठे कुठे. चव्वेचाळीसच्या नाताळात इथे आलो तेव्हा तिकडे गेला होता. परत आला आणि म्हणाला, दुकान सोड, रस्ताच नाही."

"मी येव्हरला होते," टाल्केबाई म्हणाल्या. "मावशीकडे."

येव्हर इथून वीस किलोमीटर.

"युद्धातून वाचला?" मी विचारलं, कारण त्या विचारीत नव्हत्या.

"वाचला म्हणजे! एम्डेनमध्ये सायकलींचं दुकान टाकलं. तीन मुली. आमच्या रौप्यमहोत्सवाला आला होता की, अडुसष्ट साली. थांबा." त्यांनी कपाट उघडून अल्बम काढला. "अठ्ठ्याहत्तरला गेला. पित्ताशय."

फोटोत एक जाडसर, टक्कल पडलेला गृहस्थ होता. ढगळ तपकिरी कोट, ना पट्टी, ना फीत, ना मेडल. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात केकचा भला मोठा तुकडा टोचलेला काटा. तोंड उघडं. तो कुणाच्या तरी विनोदावर हसत होता आणि केक पडू नये म्हणून जपत होता.

टाल्केबाईंनी पर्समधून भिंग काढलं. खूप वेळ पाहिलं. मग भिंग बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

"एक बटण तुटलंय," त्या म्हणाल्या.

खरंच तुटलं होतं. तपकिरी कोटाचं मधलं.

त्यांनी चमचा कपात उभा केला. निघताना हिन्रिक यांना म्हणाल्या, "शिडाच्या दोऱ्याने बटणं लावू नयेत. कापड फाटतं." एवढाच राग.

सोमवारी मी त्या फोटोवरून निगेटिव्ह केली आणि फक्त ओन्नोचा फोटो छापला. मी मोठा करायला निघालो होतो. त्या म्हणाल्या, "नको. पर्समध्ये मावेल एवढा." गुरुवारी घ्यायला आल्या तेव्हा फोटो उजेडाकडे धरला.

"उलटा नाही ना छापलास?"

"कसं कळणार आता? मेडल तर एकही नाही."

"कोटाची डावी बाजू वर आहे," त्या म्हणाल्या. "सरळ आहे. शिकलास."

मी सवयीने पेन्सिल पुढे केली. त्यांनी ती पाहिली आणि काउंटरवर परत ठेवली. "याचं काय लिहायचं? आता माहितीये मला."

त्यानंतरही त्या दर गुरुवारी यायच्या. लोकांचे काका-सासरे ओळखायच्या, नावं लिहायला लावायच्या, आचाऱ्यांवरून टोमणे मारायच्या. फरक एवढाच की आता एकदाच पाहायच्या. दुसऱ्यांदा भिंग उचलत नसत. मला त्या दुसऱ्यांदा पाहण्याची इतकी सवय झाली होती की त्या फोटो खाली ठेवायच्या आणि मी उगाच थोडा वेळ थांबायचो. त्याही खिडकीबाहेर बघत बसायच्या. एम्डेनची गाडी आमच्या दुकानामागून जाते असा त्यांचा समज होता. ती तिथून जात नाही. मी कधी सांगितलं नाही.

पंच्याण्णवच्या नोव्हेंबरात टाल्केबाई न्युमोनियाने गेल्या. ओल्डेनबुर्गचा भाचा आला, भला माणूस, त्याने एका शनिवारात घर रिकामं केलं. मावशीची शिकवण त्याला पाठ होती. ज्या फोटोंच्या मागे नावं होती ते सगळे त्याने नीट पेटीत भरून शहराच्या संग्रहालयाला दिले. ज्यांच्या मागे नाव नव्हतं ते रद्दीत घातले. ओन्नोचा फोटो मी परत छापून देऊ शकलो असतो, निगेटिव्ह माझ्याच दुकानात आहे. पण दुकानात अकरा हजार निगेटिव्ह आहेत, आणि त्या पाकिटावर नाव घालायचं माझ्याकडूनही राहून गेलं.